जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : दिवाळी ते वळीव, वापरानंतरचा अनुभव

लिनक्स मिंट २२.२, सिनॅमन आवृत्ती. मिंट म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी लिनक्सची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, मूळची हार्ड डिस्क काढून बसवलेली एसएसडी. माझं काम घरून मराठी टायपिंगचं, पत्रिका आणि अहवालांची मांडणी करून देण्याचं. उरलेल्या वेळात बँक, ऑनलाइन मीटिंगा आणि यूट्यूब. गेल्या दिवाळीत हे बसवलं, आता कोल्हापुरात वळवाचा पाऊस सुरू झालाय, आणि माझं सगळं पोटापाण्याचं काम यावरच चालतं. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक तरी झालं असतं नाहीतर नुसती कुरकुर, म्हणून थांबले होते.

कारण बहुतेकांचं असतं तेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. राजारामपुरीत एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, ह्यावर अकरा बसत न्हाई, नवीनच घ्या." लॅपटॉप तर ठणठणीत होता. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला. अशी वस्तू भंगारात द्यायची हे मला पटेना.

माझा लॅपटॉप, मामेभावाचा लॅपटॉप आणि एका मैत्रिणीचा डेस्कटॉप अशा तीन कॉम्प्युटरवर मिंट बसवताना एक गोष्ट पक्की कळली. नव्या माणसाला ज्या अडचणी येतात त्यातल्या बहुतेक लिनक्सच्या नसतातच. काही बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगमधल्या असतात, काही विंडोजने मागे ठेवलेल्या असतात, काही एखाद्या चिपच्या ड्रायव्हरच्या असतात. म्हणून "लिनक्स चालत नाही" असं म्हणण्याआधी गाडी नक्की कुठे अडली ते बघायचं. पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही? सुरू होतं पण डिस्क दिसत नाही? बसलं पण वायफाय नाही? या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की गुंता वाढतो.

सुरुवात विंडोज असतानाच करायची. आपल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ती मागू शकतं. दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून ती ड्राइव्ह उघडली की फाइली नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत. मैत्रिणीकडे नेमकं हेच झालं. तिला वाटलं परवानग्यांचा घोळ आहे. फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर पुढच्याच वेळी सगळं सुरळीत.

मिंटची आयएसओ फाइल (ज्यात अख्खी सिस्टिम असते ती) जवळपास ३ जीबीची आहे. डाउनलोड झाल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवून बघाच. आपल्याकडे नेट मध्येच तुटतं, फाइल अर्धवट खराब उतरते, आणि पुढे इन्स्टॉल होताना भलत्याच ठिकाणी एरर येतात. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. तो रुफस किंवा एचर या सॉफ्टवेअरने बनवायचा, फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. सुरू होताना कुठलं बटण दाबायचं ते कंपनीवर अवलंबून आहे: एफ१२, एफ९, एफ२, एस्केप, यातलं एक बहुधा लागू पडतं.

आता यातला सगळ्यात मोलाचा भाग. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झाल्या झाल्या 'इन्स्टॉल' दाबू नका. हे लाइव्ह सत्र असतं, डिस्कला काही होत नाही. इथे निवांत बसून वायफाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा आणि माइक बघा, टचपॅडवर दोन बोटं फिरवा, उजेड कमी-जास्त करायची बटणं दाबा, झाकण मिटून पुन्हा उघडा, प्रिंटर जोडून एक पान काढा. इथे जे चालतं ते बसवल्यावरही बहुतेक चालतं, आणि जे चालत नाही त्याची यादी आधीच हातात येते. पेनड्राइव्हवरून थोडं संथ वाटेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. स्क्रीन काळीच राहिली तर सुरुवातीच्या मेनूत कंपॅटिबिलिटी मोड आहे तो निवडा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर हे होऊ शकतं, नंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घालता येतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज बहुधा इंटेल आरएसटी किंवा रेडवर असतं. ते एएचसीआयवर न्यावं लागतं (या डिस्क जोडण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत). विंडोजही ठेवायचं असेल तर थेट बदलू नका, नाहीतर विंडोज सुरू होणार नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं लावायचं, मग बायोसमध्ये बदल, मग एकदा सेफ मोडमध्ये जाऊन परत नेहमीच्या पद्धतीने.

वायफायची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे हार मानतात. मामेभाऊ विद्यापीठात शिकतो. त्याने माझं बघून स्वतःच्या लॅपटॉपवर मिंट घातलं आणि रात्री फोन केला, "आक्का, वायफायचं चिन्हच नाही की गं!" त्याच्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप निघाली. तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो, आणि तो उतरवायला नेट लागतं. नवा माणूस इथेच कोड्यात पडतो. वाट सोपी आहे. मोबाइल यूएसबी केबलने जोडायचा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. मिंट त्याला वायरचं नेट समजून लगेच जोडून घेतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, सुचवलेला ड्रायव्हर निवडायचा, रीस्टार्ट.

पण त्याचं काम तेवढ्यावर झालं नाही. ड्रायव्हर बसला असं दिसत होतं, वायफाय मात्र नव्हतंच. कारण सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी बायोसमधली सोय. ते चालू असलं की बाहेरून आलेला ड्रायव्हर ओळखीची डिजिटल सही असल्याशिवाय चालू देत नाही. म्हणून ड्रायव्हर घालताना मिंट एक पासवर्ड ठरवायला सांगतं, आणि रीस्टार्ट झाल्यावर एक निळी स्क्रीन येते. ती काही सेकंदच थांबते. तेवढ्यात कुठलंही बटण दाबायचं, 'एनरोल एमओके' निवडायचं, मग कंटिन्यू, यस, आणि मघाचा पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तरी टाइप करत राहायचं. शेवटी रीबूट. ही स्क्रीन निसटली तर ती पुन्हा आपोआप येत नाही, ड्रायव्हर काढून परत घालावा लागतो. मी फोनवरून त्याला एकेक ओळ वाचायला लावली आणि त्याच रात्री वायफाय सुरू झालं. सिक्युअर बूट सरळ बंद करणं हाही मार्ग आहे, बरेच जण तोच सांगतात. पण निळ्या स्क्रीनचं काम दोन मिनिटांचं असताना सुरक्षेची एक कडी का काढायची?

दोन्ही सिस्टिम असतील तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसेल. घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटलं. आणि विंडोजच्या अपडेटनंतर मिंट दिसेनासं झालं तर ते पुसलं गेलंय असं समजू नका, बायोसमधला बूटचा क्रम बघा.

आता मराठी. माझ्यासाठी सगळा निकाल इथेच लागणार होता.

इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर) हात बसलेला असेल तर काम सोपं आहे: कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवायचा, भाषा बदलायचं बटण ठरवायचं, झालं. र च्या बटणावर शिफ्ट दाबून ऱ, ल च्या बटणावर शिफ्ट दाबून ळ, सगळं जागच्या जागी. यादीत इंग्रजी मात्र सगळ्यात वर ठेवा. मराठी वर गेलं तर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो आणि बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांनी आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन पॅकेज घ्यावं. त्यात मराठीसाठी एकाहून जास्त पद्धती आहेत. बसवल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं, नाहीतर नवी पद्धत यादीत दिसत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी मिंटमध्ये असतं ते) एक सेटिंग मी कधीच विसरत नाही. भाषेच्या पर्यायांत कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची) भाषा हिंदी असेल तर ती मराठी करा. नोटो फॉन्टमध्ये अक्षरांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं आहेत. भाषा मराठी केली की ल आणि श क्षणात आपल्या वळणाचे होतात. लग्नपत्रिकेत 'शुभविवाह' हा शब्द मोठ्या आकारात लावून बघा, फरक लगेच डोळ्यांत भरतो. छापील मराठीवर वाढलेल्या माणसाला हा बदल फार सुखावतो.

गिऱ्हाइकांकडून आलेल्या वर्डच्या फाइलींचं मात्र जपून. त्यात मंगल किंवा निर्मला फॉन्ट असतो, तो मिंटमध्ये नसतो, त्याजागी दुसरा लागतो आणि ओळी सरकतात. दहा पानांचा अहवाल अकरा पानांचा होतो. इंग्रजी कॅलिब्रीला कार्लिटो हा त्याच मापाचा फॉन्ट आहे म्हणून तिथे त्रास नाही. देवनागरीसाठी मी मुक्ता फॉन्ट ठरवून टाकलाय आणि छपाईला पीडीएफच पाठवते. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फाइली तो फॉन्ट नसला की अगम्य दिसतात. छापखान्याचं रोजचं काम त्यांवर आणि पेजमेकरवर असेल तर विंडोज सोडू नका, हे मी स्पष्ट सांगते.

टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावा. ते सिस्टिमच्या फाइलींची प्रत ठेवतं, काही बिघडलं की आधीच्या स्थितीत नेतं. आपल्या कागदपत्रांची प्रत ते मुळात ठेवत नाही, त्याचा बॅकअप वेगळा घ्यायचाच. आणि किती प्रती ठेवायच्या तो आकडा कमी ठेवा, नाहीतर डिस्क भरते.

मैत्रिणीच्या डेस्कटॉपला यूपीएस नाही. एप्रिलमध्ये संध्याकाळी वळीव आला, लाइट गेली, नेमकं अपडेट चालू होतं. नंतर कॉम्प्युटर सुरू झाला, पण कुठलंच नवं सॉफ्टवेअर बसेना. तिला वाटलं सगळं परत घालावं लागणार. पडद्यावरची सूचना नीट वाचली तर उपाय त्यातच लिहिलेला होता: अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करायची एक आज्ञा. ती टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) दिली आणि काम पुढे सरकलं. लिनक्सचे एरर लांबलचक दिसतात, पण बरेचदा काय करायचं ते त्यातच सांगितलेलं असतं. शेवटच्या दोन ओळी वाचा. इंटरनेटवर सापडलेली जुनी आज्ञा न समजता चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं.

प्रिंटरवर मात्र समाधान नाही. घरचा जुना लेझर प्रिंटर असा आहे की पानाची सगळी आखणी कॉम्प्युटरने करून द्यावी लागते, आणि त्यासाठी कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हर बसतो, दोन-चार पानं निघतात, मग काम अडकतं. सध्या पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवते. नवा घेताना वायफायवर बिनड्रायव्हर चालणारा घेणार. असा प्रिंटर मैत्रिणीकडे मिंटने स्वतःहून ओळखला, काही करावं लागलं नाही.

बाकी आवाज, कॅमेरा, मीटिंगा, मोबाइलवरून फोटो घेणं, सगळं बिनतक्रार. बॅटरी विंडोजइतकीच चालते. वेग मात्र खरंच सुखाचा आहे: दोन मोठ्या फाइली, ब्राउझरच्या भरपूर खिडक्या, तरी अडखळत नाही. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे लॅपटॉपला तेवढं आयुष्य तरी मिळालं.

लक्ष्मीपुरीतल्या बाबांच्या दुकानाच्या कॉम्प्युटरला मी हात लावलेला नाही. तिथे टॅली आहे आणि ते विंडोजसाठीच आहे. काही ना काही करून ते लिनक्सवर चालवणारे आहेत, पण रोजचा हिशोब आणि जीएसटी अशा जुळवाजुळवीवर सोडणं मला मान्य नाही. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट आहेत, ते तिथे लावून दिलेत. त्यानंतर दुकानासाठी नवा कॉम्प्युटर येईल, आणि जुना घरी आणून त्यावर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालायचं आईशी ठरलंय.