ड्रायरची गरम हवा बाहेर कुठून काढावी: मागची भिंत, गच्ची की इमारतीची डक्ट?

लाँड्रीसाठी गाळा बघताना भाडं, पाणी, थ्री-फेज लाइन, पार्किंग सगळं विचारलं जातं. ड्रायरची हवा कुठून बाहेर जाणार, हा प्रश्न मात्र मशीन दारात उतरल्यावर निघतो. खरं तर तो आधी सुटायला हवा, कारण मशीन कुठे बसवायचं हे त्यावरच ठरतं.

दहा किलो टॉवेल पिळून निघाले आणि त्यांत निम्म्या वजनाइतका ओलावा उरला, तर एका घाण्यात पाच लिटर पाणी वाफ होऊन पाइपातून जातं. सोबत कपड्यांची बारीक रुई, म्हणजे लिंट. जाळीतून सुटलेली ही रुई पाइपाला आतून करड्या नमद्यासारखी चिकटते आणि ती चटकन पेट घेते. हवा अडली की मशीन जास्त तापतं, कपडे वाळायला वेळ लागतो आणि आणखी रुई साचते. अमेरिकेत घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे 2,900 आगी लागतात असा तिथल्या अग्निशमन प्रशासनाचा अंदाज आहे, आणि त्यांचं प्रमुख कारण साफसफाई न करणं हे आहे. लाँड्रीतलं मशीन तर दिवसभर चालतं.

तळमजल्याच्या गाळ्याला सहसा तीन वाटा दिसतात.

मागची भिंत हा माझ्या मते पहिला पर्याय, आणि शक्य असेल तर शेवटचाही. मशीनच्या पाठीमागून सरळ पाइप, भिंतीला भोक, बाहेर झाकणी फ्लॅप. पाइप जितका आखूड आणि वळणं जितकी कमी, तितकं बरं. अमेरिकेतल्या घरगुती ड्रायरच्या नियमात पाइपाची कमाल लांबी 35 फूट आहे आणि प्रत्येक काटकोनी एल्बोमागे त्यातून 5 फूट वजा होतात. म्हणजे तीन एल्बो टाकले की 20 फूटच हातात राहतात. व्यावसायिक मशीनला हा आकडा लावू नका, तिथे त्या मशीनचं मॅन्युअल हाच नियम. पण वळण किती महाग पडतं ते यावरून कळतं.

भिंतीपलीकडे काय आहे ते मात्र स्वतः जाऊन बघा. शेजारच्यांची खिडकी किंवा एसीचं आउटडोअर युनिट जवळ असेल तर जागा बदला. पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी मशीनकडे परतणार नाही. तोंड नैर्ऋत्येला असेल तर पावसाळ्यात झड थेट आत येते, त्यामुळे वर छज्जा आणि खाली वळलेलं हूड हवंच. कबुतरं घर करतात म्हणून तोंडाला बारीक जाळी मारायचा मोह होतो, पण ती मारू नका. रुई तिथेच अडकते आणि काही दिवसांत पाइप बंद होतो. मशीन बंद असताना नीट मिटणारा फ्लॅप कबुतरांनाही पुरतो.

गच्चीपर्यंत पाइप नेणं शक्य आहे, फक्त ते महाग आणि कष्टाचं. उंची वाढली की मशीनचा स्वतःचा पंखा पुरत नाही, मग बूस्टर पंखा लागतो. तो ड्रायरसोबतच सुरू व्हायला हवा, आणि तो बंद पडला तर ड्रायरची हीटिंग आपोआप तुटायला हवी. उभ्या पाइपात वाफेचं पाणी होऊन खाली उतरतं, म्हणून तळाशी उघडता येणारं तोंड ठेवा. मधेही सफाईची दारं हवीत. सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि गच्चीवर जायची सोय त्यातच लिहून घ्या, नाहीतर साफ करायच्या दिवशी किल्ली मिळत नाही. गॅसच्या मशीनला मागची भिंत खिडक्यांनी भरलेली असेल, तर हा खर्च करण्यासारखा आहे.

तिसरी वाट सर्वांत स्वस्त, आणि तीच घेऊ नये. इमारतीच्या मधली डक्ट, जिथे सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, तिथे पाइपाचं तोंड सोडून मोकळं व्हायचं. गॅसच्या ड्रायरच्या हवेत ज्वलनाचे वायूही असतात. ज्वलन अपुरं झालं तर त्यात कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने काय होतं हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. विजेचा ड्रायर असला तरी ओल आणि रुई वरच्या घरांत जातेच. किचनच्या एक्झॉस्टला जोडणंही तितकंच धोक्याचं, तिथे रुई तेलात भिजते.

पाइप जीआयचाच, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचाच घ्या, आतून गुळगुळीत आणि मशीनच्या तोंडाइतकाच, त्याहून लहान नाही. फॉइलचा वळणारा पाइप घड्यांत रुई धरतो आणि दबला तर पिचतो. सांध्याला आत टोक येईल असा स्क्रू नको, अ‍ॅल्युमिनियम टेप लावा, आणि आधीच्या तुकड्याचं तोंड हवेच्या दिशेने पुढच्यात घाला.

जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यायलाही लागते. काचेचं दार उघडताना जोर लागत असेल, तर गाळ्याला हवा कमी पडते आहे. गॅसच्या मशीनमध्ये यामुळे ज्योत बिघडते, आणि धूर उलटा गाळ्यातच येऊ शकतो. खालच्या बाजूला झरोका ठेवा.

भिंतही नाही आणि गच्चीही नाही, तर बिनापाइपाचा हीट पंप ड्रायर घ्या, जो तीच हवा आत फिरवतो आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी करतो. तो महाग आहे आणि कपडे हळू वाळवतो, पण वीज कमी खातो, आणि पाणी नळीने थेट ड्रेनमध्ये जातं. त्याच्या फिल्टरमध्येही रुई साचते, ती दर घाण्यानंतर काढावी लागते.