सांगलीतलं तिकिटांचं दुकान: कोर्ट फीसाठी जावं, गांधींसाठी नको

गणपती पेठेतल्या एका बोळात जुनी नाणी, नोटा नि टपाल तिकिटं विकणारं छोटं दुकान आहे. पाटी नाण्यांची, तिकिटं आतल्या कप्प्यांत. सकाळच्या उजेडात जावं, ट्यूबलाइटखाली रंगाची छटा धड कळत नाही.

खरा माल म्हणजे संस्थानी कोर्ट फी, म्हणजे संस्थानांच्या कचेऱ्यांतल्या कागदपत्रांवर फीपोटी लावलेली तिकिटं: सांगली, मिरज, औंध, फलटण. सुटं तिकीट ५० रुपयांपासून, अख्खा दस्त ३००-४०० ला. दस्तासकटच घ्या. कापून काढलं की कुठल्या कचेरीत, कुठल्या साली वापरलं याचा पुरावाच जातो. काही पाकिटांवर ‘सांगली संस्थानचं पोस्टाचं तिकीट’ असं लिहिलंय, ते चूक. सांगलीचं टपाल ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर चालायचं. पण भाव कोर्ट फीचाच लावतात, त्यामुळे फसगत होत नाही.

काचेखालचं लाल ‘सिंध डाक’ हे नुसतं छापील चित्र आहे, मालक तसं सांगतातही. अस्सल तिकीट १८५२ चं, आधी साताऱ्याला रेसिडेंट (ब्रिटिशांचा प्रतिनिधी) असलेल्या बार्टल फ्रिअरनं सिंधमध्ये काढलेलं. लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर उठवल्यामुळे ते हाताळताना तडकायचं. शाबूत नगासाठी संग्राहक जीव टाकतात तो म्हणूनच. असलं तिकीट पेठेत मिळेल ही आशाच नको.

आता गांधी. १९४८ च्या संचातलं १० रुपयांचं तिकीट इथं सुटं, ‘ओरिजिनल’ म्हणून मिळतं. तज्ज्ञाचा दाखला नसेल तर हात लावू नये. या तिकिटाच्या नकला उदंड आहेत. अस्सल तिकीट स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्रॅव्ह्यूरनं छापलेलं, म्हणजे दहा पटीच्या भिंगाखाली बारीक, एकसारखी जाळी दिसायला हवी. वेगवेगळ्या रंगांचे ठिपके फुलासारखे जमलेले दिसले तर ते ऑफसेटवर छापलेलं, सरळ परत द्यावं. काठाची छिद्रं मापपट्टीवर साडेअकरा (म्हणजे दोन सेंटीमीटरमध्ये तेवढी) भरायला हवीत. मागचा गोंदही बघा: छिद्रांमधल्या दात्यांच्या टोकांवर तो उतरून कडक झाला असेल तर नंतर चढवलाय. मापपट्टी नि भिंग घरूनच न्या, दुकानातल्या भिंगावर ओरखडे आहेत.

जपणुकीत मात्र दुकान नापास. महागडी तिकिटं मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत आहेत. त्या प्लास्टिकमधला तेलकट अंश कागदात उतरतो, रंगही खातो. कोरे शीट एकावर एक आडवे रचलेत. कृष्णाकाठच्या पावसाळी दमटपणात गोंद ओलावा धरतो नि शीट चिकटतात, ओढून सोडवले की पाठ सोलते. कोरा माल शक्यतो उन्हाळ्यात घ्या, घरी आल्यावर ग्लासिनमध्ये (पातळ, गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदात) घालून उभा ठेवा.

‘१०० देशोदेशींची’ पाकिटं मुलांपुरती ठीक. त्यातल्या बऱ्याच तिकिटांवर शिक्का आहे आणि मागे गोंदही जसाच्या तसा, म्हणजे ती टपालात कधी गेलीच नाहीत.

यूपीआय चालतं. आठ दिवसांत माल परत घेतो म्हणतात, ते पावतीवर लिहून घ्या.