सायनस लिफ्टच्या दोन्ही पद्धती आणि ती हातोडी: वर्षभरानंतरचा अनुभव

वरच्या दाढांच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे कृत्रिम दंतमूळ, बसवायचे तर सायनसखाली (वरच्या जबड्यातील हवेची पोकळी) पुरेसे हाड लागते; ते कमी असेल तर सायनसचा तळ वर उचलून जागा करतात, हीच सायनस लिफ्ट. माझ्या स्कॅनमध्ये सायनसखाली उजवीकडे ६ मिमी, तर डावीकडे जेमतेम ३ मिमी हाड शिल्लक होते. त्यामुळे दंतवैद्य समर्स यांनी १९९४ मध्ये मांडलेली, हिरडीकडून ऑस्टिओटोम (दांडीसारखे अवजार) हातोडीने हाडात ठोकून सायनसचा तळ वर सरकवण्याची पद्धत उजवीकडे, आणि गालाकडच्या भिंतीत खिडकी पाडण्याची त्याहून जुनी पद्धत डावीकडे, अशा दोन्ही माझ्या वाट्याला आल्या.

उजवीकडे लिफ्ट आणि इम्प्लांट एकाच बैठकीत उरकले, खर्चही कमी आला, म्हणून त्या संध्याकाळी मी हीच पद्धत सर्वांना सुचवत होतो. भुलीमुळे दुखले काहीच नाही. मात्र हातोडीचा प्रत्येक ठोका थेट कवटीत घुमत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे उजव्या कुशीवर वळताच छत गरगर फिरू लागले. दवाखान्याने दोन दिवस ‘अशक्तपणा असेल’ एवढ्यावर बोळवण केली. अखेर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी उलगडा केला: डोके मागे झुकलेले असताना बसलेल्या हादऱ्यांनी अंतर्कर्णातील कॅल्शियमचे कण जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले होते. एप्ली पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने वळवून त्यांनी काही मिनिटांत चक्कर आटोक्यात आणली. हा दुष्परिणाम दंतवैद्यकाला अपरिचित नाही. तरीही माझ्या संमतिपत्रात सूज, रक्तस्राव, संसर्ग, सायनसच्या आतला पातळ पडदा फाटणे हे सारे होते, चक्कर तेवढी नव्हती. वाचवलेले पैसे त्या तज्ज्ञांकडे गेले, हे वेगळेच.

महिन्याभराने डाव्या बाजूची धास्ती घेऊनच खुर्चीत बसलो. येथे पिएझो यंत्राच्या कंपनांनी हाड कापले. मिलिमीटरभरही जाड नसलेला पडदा त्यामुळे तुलनेने सुरक्षित राहतो, आणि ठोकाठोकी शून्य. सूज डोळ्याखालपर्यंत चढली, गाल पाच दिवस निळा-पिवळा राहिला, दोन आठवडे नाक शिंकरण्यास मनाई होती आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवूनच द्यायची होती. शिवाय भरलेल्या कृत्रिम हाडाच्या पावडरीत पक्के हाड तयार होईपर्यंत इम्प्लांटसाठी सहा महिने थांबावे लागले. एवढे सोसूनही आज मी डाव्या बाजूलाच अधिक गुण देईन, आणि हाड पुरेसे असल्याने उजवीकडची निवड शास्त्राला धरून होती, हे मान्य करूनही माझे मत बदलणार नाही.

दोन्ही कॅप आता पक्क्या बसल्या आहेत, चावताना फरक जाणवत नाही. उजव्या कुशीवर मात्र मी अजून बेतानेच वळतो.