रेकॉर्डरला बाहेरून ड्राइव्ह जोडायचा तर कोणता?

खरेदीआधी आवाजाच्या रेकॉर्डरचं मॅन्युअल उघडा. ‘यूएसबी’ लिहिलेलं भोक दिसलं म्हणजे तिथे ड्राइव्ह चालतो, असं नाही. हातात मावणाऱ्या बऱ्याच रेकॉर्डरचं यूएसबी पोर्ट फक्त कॉम्प्युटरला जोडण्यापुरतं असतं. त्यात एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह) खुपसली तर काहीच होत नाही. काही यंत्रं ड्राइव्ह ओळखतात, पण त्यावर फक्त कॉपी करतात. साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्री-६ मध्ये रेकॉर्डिंग एसडी कार्डावर होतं आणि तिथून फाइल्स पेनड्राइव्हवर उतरवता येतात. थेट बाहेरच्या ड्राइव्हवर लिहिणारी यंत्रं हा तिसरा प्रकार, आणि खरी निवड तिथेच करावी लागते. कॉपीच करायची असेल तर रेकॉर्डर ओळखेल तो ड्राइव्ह घ्या आणि मोकळे व्हा.

थेट लिहायचं असेल तर लोक आधी वेग बघतात. तो जवळजवळ बिनकामाचा आकडा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, हाच सॅम्पल रेट; प्रत्येक नमुना तीन बाइटचा) एका ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. आठ ट्रॅकचे झाले सव्वा एमबीच्या आत, तासाला साधारण ४.१५ जीबी. जुनं यूएसबी २.० सुद्धा प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास सहज ओढतं. डब्यावर छापलेला हजार एमबीचा वेग इथे कुणाच्या कामाचा?

घात करतात ते मधले थांबे. स्वस्त पेनड्राइव्ह सुरुवातीला झपाट्याने लिहितो, आतली कॅश (वेगवान तात्पुरती जागा) भरली की रखडतो आणि अधूनमधून क्षणभर गप्पच बसतो. रेकॉर्डरचा बफर (लिहून होईपर्यंत आवाज धरून ठेवणारी मेमरी) तेवढा वेळ तग धरू शकला नाही, की स्क्रीनवर मीडिया स्लो किंवा तत्सम इशारा येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. दोन ट्रॅकच्या भाषणाला पेनड्राइव्ह चालून जाईल, सोळा ट्रॅकच्या मैफलीला मी तो लावणार नाही.

फिरती हार्ड डिस्क जागेच्या हिशेबाने सगळ्यात स्वस्त, म्हणून मोह होतो. पण तिची अडचण वीज. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलीअँपिअर द्यावेत असा नियम आहे. अडीच इंची डिस्कला चकती फिरायला सुरुवात करताना त्याच्या दुप्पटही लागू शकतात. मग ती टक-टक आवाज करत पुन्हा पुन्हा उठायचा प्रयत्न करते आणि रेकॉर्डर ‘ड्राइव्ह नाही’ म्हणतो. वेगळा अडॅप्टर लावला तर वीज मिळते, पण ग्राउंड लूपची (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची) गुणगुण पदरात पडण्याची शक्यता वाढते. त्यात काही डिस्का थोडा वेळ काम नसलं की झोपतात. मध्यंतरानंतर रेकॉर्ड दाबलं की आधी जाग्या होतात, मग लिहितात. सबवूफरचे हादरेही तिला मानवत नाहीत. स्टुडिओत बॅकअपला ठेवा, स्टेजजवळ नको.

साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी हा माझा कौल. हलणारं काही नाही, आवाज नाही, विजेची भूकही बेताची. एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडीची वेगवान डबी मात्र मुद्दाम टाळा: ती जास्त करंट ओढते, तापते, आणि बदल्यात मिळणारा वेग इथे वापरलाच जात नाही. (विक्रेता तुम्हाला तीच दाखवेल.)

एसएसडीचं उणं केबलमध्ये आहे. यूएसबीच्या नेहमीच्या प्लगला अडकवणारी कडी नसते. कुणाचा पाय लागला की ड्राइव्ह सुटला. वेव्ह या आवाजाच्या फाइलची लांबी तिच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) लिहिलेली असते आणि पुष्कळ यंत्रं ती स्टॉप दाबल्यावरच भरतात. म्हणजे दीड तासाचा आवाज ड्राइव्हवर असूनही फाइल शून्य मिनिटांची दिसते. आवाज बहुतेकदा परत मिळवता येतो, पण त्यात रात्र जाते. म्हणून दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा रेकॉर्डर, उदाहरणार्थ झूम एफ८एन, हाताशी असेल तर फिरतीवर बाहेरचा ड्राइव्ह जोडूच नये असं माझं मत आहे. व्ही३० छापलेलं एसडी कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहितं, तेवढं पुष्कळ झालं.

फॉरमॅट रेकॉर्डरच्याच मेनूतून करा. एफएटी३२ ही फाइल-मांडणी असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. यंत्र तिचे तुकडे पाडतं. एडिटिंगला जोडताना ते ओळीने घ्यायचे, एवढंच. एक्सफॅट या नव्या मांडणीत ती मर्यादा नाही, पण जुनी यंत्रं ते वाचतीलच असं नाही.

जुन्या स्कझीवाल्या (यूएसबीआधीच्या ड्राइव्ह-जोडणीच्या) यंत्रांचं गणित वेगळं. रोलँडच्या १९९६ च्या व्हीएस-८८० या रेकॉर्डरला झिप ड्राइव्ह (काढता-घालता येणाऱ्या डिस्कचा) जोडत. आज तसा ड्राइव्ह शोधत बसण्यापेक्षा एसडी कार्डाला स्कझी डिस्कचं सोंग देणारा बोर्ड बसवणं शहाणपणाचं. फक्त ड्राइव्हचा आयडी नंबर आणि टर्मिनेशन (जोडणीच्या टोकाला लागणारा रोध) नीट लावा.

काहीही घेतलंत तरी पहिली चाचणी घरी: सगळे ट्रॅक चालू, सगळ्यात वरचा सॅम्पल रेट, यंत्र बॅटरीवर, आणि कार्यक्रमाइतकाच पूर्ण वेळ. मग शेवटची पाच मिनिटं हेडफोनवर ऐका.