१९६६ च्या एमजीबीसाठी मागवलेलं एसयू कार्बोरेटरचं ओव्हरहॉल किट: सहा महिन्यांनंतर

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आणि एसयू हा तिच्या दोन कार्बोरेटरचा (इंजिनला हवा आणि पेट्रोलचं मिश्रण देणाऱ्या भागांचा) ब्रँड. किटमधला माल चांगला आहे. पण बहुतेक लोक ज्या दुखण्यासाठी हे किट मागवतात, ते दुखणं नुसतं किट बसवून जात नाही. हे कळायला मला एक पूर्ण जोडणी, परत एक पूर्ण खोलणी आणि मधले तीन आठवडे लागले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी उघड्या टपाची, दोन सीटची एमजीबी. इंजिन १७९८ सीसी, पाच मेन बेअरिंगवालं. ऍबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती आणि पाच लाखांहून जास्त बनल्या. घरी गाडी उभी करू पाहणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. स्क्रूपासून गॅस्केटपर्यंत बहुतेक सगळं आजही नवं मिळतं. १९८८ मध्ये तर मूळ साचे वापरून अख्खी बॉडीच पुन्हा बनायला लागली. माझ्या गाडीचं पत्र्याचं काम आधीच्या वर्षात उरकलं होतं. या गाडीला वेगळी चेसिस नाही, दारांखालचे सिल हेच तिचा कणा. ते कापताना दाराच्या चौकटीत आडवे रॉड वेल्ड करून ठेवले होते, त्यामुळे दारं आज नीट बसतात. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

इंजिन सुरू झालं, पण आयडलिंग (ऍक्सिलरेटर न दाबता इंजिनचे मिनिटाला फेरे) १४०० च्या खाली येईना. थ्रॉटलचे (हवेची वाट उघडझाप करणाऱ्या झडपांचे) दोन्ही स्क्रू पूर्ण सोडले तरी तेच. मिक्श्चरमधलं पेट्रोल वाढवलं की प्लग काळे, कमी केलं की इंजिन खोकायचं. कार्बोरेटरला हात लावण्याआधी बाकीचं सगळं तपासून घेतलं: थंड इंजिनवर व्हॉल्व्हचं अंतर ०.०१५ इंच, इग्निशनच्या पॉइंटचं ०.०१५, प्लगचं ०.०२५. हे न करता कार्बोरेटर उघडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आधी हे करा. इग्निशनमधला दोष कार्बोरेटरच्या दोषासारखाच दिसतो, आणि मग माणूस चांगला कार्बोरेटर बिघडवून बसतो.

सगळं जागेवर होतं. म्हणून किट मागवलं.

माझे दोन्ही कार्बोरेटर एसयूच्या एचएस४ मॉडेलचे. एचएस४ या नावातला ४ म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश, त्याचा आकडा. एक आणि चार अष्टमांश, म्हणजे दीड इंचाचा गळा. या कार्बोरेटरवर माझा जीव आहे, आणि कारण सांगायलाच हवं. बाकीच्या बहुतेक कार्बोरेटरचा गळा एका मापाचा असतो, म्हणून वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्या) लागतात. एसयूमध्ये गळा स्वतःच लहानमोठा होतो. इंजिन जितकी हवा ओढेल तितका कार्बोरेटरमधला पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि तेवढंच पेट्रोल जास्त येतं. जेट एकच, सुई एकच. ऍक्सिलरेटर पंपसुद्धा नाही. पिस्टनच्या दांड्यातलं तेल त्याला पटकन उठू देत नाही, त्या क्षणभरात ओढ वाढते आणि मिक्श्चर आपोआप जाड होतं. शंभर वर्षांहून जुनी कल्पना आहे. मी टूलरूममध्ये काम करतो, दिवसभर यंत्रंच बघतो, पण इतक्या थोड्या भागांत इतकं काम करणारं दुसरं यंत्र चटकन आठवत नाही.

किटमध्ये दोन्ही कार्बोरेटरसाठी स्पिंडल (थ्रॉटलची चकती फिरवणारे दांडे), थ्रॉटलच्या पितळी चकत्या आणि त्यांचे स्क्रू, जेट, सुया, फ्लोट, नीडल व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि सगळी गॅस्केटं आली. मायक्रोमीटर लावून पाहिलं. स्पिंडल ५/१६ इंच, चारही ठिकाणी एकच माप, फिनिश उत्तम. चकत्यांच्या कडा जशा हव्यात तशा तिरक्या घासलेल्या. नीडल व्हॉल्व्हच्या टोकाला व्हायटॉन (पेट्रोलला टिकणारं रबर) आहे, हे मला फार आवडलं, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला फुगवतं आणि मग फ्लोट चेंबर (कार्बोरेटरची पेट्रोलची छोटी टाकी) ओसंडून वाहतो. जेटच्या नायलॉनच्या नळ्या पुढच्या आणि मागच्या कार्बोरेटरसाठी वेगळ्या असतात. त्यावर खुणेच्या चिठ्ठ्या होत्या. ज्याने किट भरलं त्याला काम माहीत आहे, असं वाटलं.

सूचनांचा कागद मात्र निराशा करणारा. एकच पान, फोटोकॉपीची फोटोकॉपी, चित्रातले आकडे वाचता येत नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट त्यात नाही: पिस्टन आणि त्याची वरची घंटीसारखी टोपी ही जोडी असते. पुढच्याची टोपी मागच्याला लावायची नाही. दोन्ही एकदम खोलून एकाच ट्रेमध्ये धुवायला टाकणारा नवा माणूस इथे फसणार. मी दोन वेगळे डबे केले होते. माझ्या मुलीनं त्यांवर "पुढचा" आणि "मागचा" असं लिहिलं, आणि नंतर घड्याळ घेऊन पिस्टनची चाचणीही तिनंच घेतली. पिस्टनमधली भोकं बंद करायची, जोडी उलटी धरायची आणि टोपी घसरून खाली यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. या मापाच्या कार्बोरेटरला पाच ते सात सेकंद हवेत. पुढचा सहा, मागचा साडेसहा. म्हणजे साठ वर्षांनंतरही तिथली झीज नगण्य.

मग सगळं जोडलं, सुरू केलं. आयडलिंग १३००.

स्पिंडल ज्या भोकांत फिरतो, ती भोकं कार्बोरेटरच्या ऍल्युमिनियमच्या अंगातच असतात. परतीची स्प्रिंग आणि लिंकेज (ऍक्सिलरेटरला जोडणारे दांडे) त्याला वर्षानुवर्षं एकाच बाजूला ओढत राहतात, आणि भोक गोल राहत नाही. स्पिंडलही झिजतो, पण नवा स्पिंडल अंडाकृती भोकात घातला तर फट जवळपास तेवढीच राहते. त्या फटीतून थ्रॉटलच्या पलीकडे थेट हवा शिरते. स्क्रू पूर्ण सोडूनही इंजिन का पळत होतं, ते इथे कळतं. चालू इंजिनवर स्पिंडलच्या टोकाशी कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारला, तर इंजिनचा आवाज लगेच बदलला. आग विझवणारा सिलिंडर हाताशी ठेवल्याशिवाय हे करू नका.

जुन्या स्पिंडलला ढिलाई आहे हे मी खोलताना बोटांनी पाहिलं होतं. नवा स्पिंडल घालून ती थोडी कमी झाली, आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं. किटवर "संपूर्ण ओव्हरहॉल" असं छापलेलं आहे. त्या शब्दांवर माझा खरा आक्षेप आहे. बुश (झिजलेल्या भोकात बसवायच्या धातूच्या छोट्या नळ्या) नसताना हे ओव्हरहॉल संपूर्ण नाही, आणि बुश लागतात की नाही हे कसं तपासायचं एवढं तरी त्या एका पानावर हवं होतं. विक्रेत्याला मी तसं कळवलं. उत्तर सौजन्याचं आलं, बुश वेगळे मिळतात असं.

दुसऱ्यांदा खोललं तेव्हा भोकं मोजली. सगळ्यांत वाईट भोक मागच्या कार्बोरेटरचं, लिंकेजच्या बाजूचं, ०.१५ मिलिमीटर अंडाकृती. फॉस्फर ब्राँझचे बुश मागवले. भोकं ३/८ इंचाला रीम करायची (रीमर या हत्यारानं अचूक मापाला मोठी करायची), बुश दाबून बसवायचे आणि मग दोन्ही बुशांतून एकाच वेळी ५/१६ चा लांब रीमर आरपार न्यायचा. कौशल्य सगळं या शेवटच्या ओळीत आहे. दोन भोकं एका रेषेत नसतील तर स्पिंडल अडकून फिरेल आणि थ्रॉटल पूर्ण मिटणार नाही. मी कामावरच्या लेथवर परवानगीनं एक गाइड काढून घेतला, एक बाजू त्यात धरून दुसरी रीम केली. बाकी सगळं घरच्या व्हाइसवर झालं. रीमर हातात धरायची सवय नसेल तर एवढं एक काम चांगल्या मशिनिस्टकडून करून घ्या. ऍल्युमिनियम एकदा जास्त कापलं गेलं की परत भरता येत नाही.

चकती बसवताना स्क्रू आधी सैल ठेवून थ्रॉटल दोन-चारदा फटकन मिटायचा, म्हणजे चकती आपली जागा स्वतः शोधते. मग स्क्रू आवळून त्यांची चिरलेली टोकं फाकवायची. ती फाकवली नाहीत आणि स्क्रू सुटला तर तो सरळ इंजिनात जातो. किटमधल्या एका स्क्रूचं टोक फाकवताना तुटलं. सुदैवानं विक्रेत्यानं दोन जास्तीचे दिले होते.

माझ्या गाडीच्या सुया अचल (पिस्टनमध्ये घट्ट बसवलेल्या) प्रकारच्या, त्यामुळे जेट मध्यावर आणावा लागतो. जेटचा नट सैल करायचा, पिस्टन खाली दाबायचा, नट आवळायचा आणि पिस्टन उचलून सोडायचा. तो पुलावर (गळ्याच्या तळाशी असलेल्या उंचवट्यावर) धातूच्या स्वच्छ आवाजानं "टक्" पडला पाहिजे. पुढचा तिसऱ्या प्रयत्नात पडला. मागच्यानं पूर्ण संध्याकाळ घेतली. मुलगी डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची. नववीतल्या पोरीचा कान माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे. मशीनच्या आवाजात तीस वर्षं घालवल्यावर मला तो बारीक फरक ऐकू येत नाही.

मूळ गाडीला ५ नंबरची सुई. मी मोकळे एअर फिल्टर आणि थोडा मोठा एक्झॉस्ट लावला आहे, त्यावर ती कमी पडते, म्हणून ६ नंबरची जाड मिक्श्चरची घेतली. किट मागवताना सुई निवडायची सोय आहे आणि त्यासाठी विक्रेत्याला पूर्ण गुण. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनही बसवलं, पॉझिटिव्ह अर्थला (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या गाडीला) चालणारं मॉड्यूल पाहून. ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दिसतही नाही. बदल एवढेच. दोन एसयू काढून एक मोठा वेबर लावा, असं मला अनेकांनी सुचवलं. मी तसं करणार नाही. या इंजिनच्या हेडमध्ये चार सिलिंडरना मिळून हवा आत घेणारी दोनच तोंडं आहेत, पहिल्या-दुसऱ्याला एक आणि तिसऱ्या-चौथ्याला एक, आणि प्रत्येक तोंडासमोर एक एसयू. ज्यानं ही मांडणी केली त्याचा हिशेब मला पटतो.

यामुळेच दोघांनी सारखी हवा ओढणं फार महत्त्वाचं. जेटचे नट पूर्ण वर नेऊन बारा पैलू खाली, म्हणजे दोन पूर्ण फेरे, ही सुरुवात. मग इंजिन गरम करून रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. मुलगी म्हणाली, "बाबा, पुढचा सुस्कारे टाकतोय, मागचा नुसता श्वास घेतोय." पाव फेरा, परत ऐकणं, परत पाव फेरा. दोन्ही आवाज जुळल्यावर मिक्श्चर. पिस्टन १/३२ इंच वर उचलायचा. इंजिन पळत सुटलं तर जाड, मरायला लागलं तर पातळ, क्षणभर किंचित वर जाऊन परत स्थिर झालं तर बरोबर. शेवटी मागचा अकरा पैलूंवर आणि पुढचा बारावर स्थिरावला.

आयडलिंग ७५०. डॅशवर ठेवलेलं दहाचं नाणं सरकत नाही. तेव्हापासून सहा महिने झाले आणि प्लग काढून पाहिले तर चारही एकाच फिकट तपकिरी रंगाचे. याआधी मी ते कधी पाहिलं नव्हतं.

तर घ्यावं का? स्पिंडल हलवून पाहा. ढिलाई जाणवली नाही तर हे किट डोळे मिटून घ्या, एका सुट्टीत काम होईल. जाणवली तर किटबरोबरच बुश मागवा, किंवा भोकं थोडी रीम करून ०.०१० इंच जाड मापाचे स्पिंडल घ्या, आणि किटमधले साधे स्पिंडल बदलून मिळतील का हे आधी विचारा. माझे पहिले तीन आठवडे या एका प्रश्नानं वाचले असते.

एक बारीक तक्रार उरली. चौथ्या महिन्यात मागच्या जेटच्या नळीशी पेट्रोलचा ओलावा दिसला. नायलॉनची नळी फ्लोट चेंबरमध्ये जिथे शिरते तिथलं रबर दबलं होतं. नळीचं टोक रबराच्या पुढे किमान ३/१६ इंच यायला हवं, माझं जेमतेम तेवढंच होतं. नवं रबर घालून नीट बसवलं आणि ओलावा थांबला. किटमध्ये ही रबरं मोजून दोनच येतात. मी आणखी चार मागवली, एक वापरलं, तीन डबीत आहेत. डबीवर मुलीनं "जेटच्या नळीचं रबर, मागच्याकडे लक्ष ठेवणे" असं लिहून तारीख टाकली आहे.