मशीन काढून ठेवा, असं सांगणाऱ्यावर आम्ही विश्वास ठेवला

आमची चिऊ चार वर्षांची आहे. तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. दोन वर्षांची असताना बेरा टेस्ट झाली, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू किती प्रतिसाद देतात ती तपासणी, आणि तेव्हापासून कानामागे ऐकायचं मशीन लागलं. आठवड्यातून दोनदा भांडुपहून दादर, तिथे गाडी बदलून वांद्रे, मग रेक्लमेशनला अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच्या सरकारी संस्थेत स्पीच थेरपी, म्हणजे बोलायला शिकवणं. वर्षभरात ती 'मावशी'तला श म्हणायला लागली होती. हे आधी सांगते, कारण आमचं काही अडलेलं नव्हतं. सगळं चाललं होतं, फक्त हळूहळू. त्या हळूहळूला आम्ही कंटाळलो आणि तिथेच सापडलो.

शेजारच्या इमारतीतल्या बाईंनी माझ्या सासूबाईंना सांगितलं, घाटकोपरला एक जण नसांचं बहिरेपण नव्वद दिवसांत घालवतात, ऑपरेशन नाही, मशीन कायमचं सुटतं. सासूबाईंना दोष देत नाही. लोक नातीच्या कानाकडे बघतात ते त्यांना सोसत नव्हतं. मलाही नव्हतं. लग्नकार्यात मी चिऊचे केस कानांवर ओढून घ्यायचे.

एका लॉजच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. त्या माणसाने चिऊच्या कानात तेल घातलं, कानामागे करंटचं यंत्र दहा मिनिटं धरलं आणि मग 'टेस्ट' घेतली. चिऊला आमच्याकडे तोंड करून उभं केलं आणि तिच्या मागे लोखंडी खलबत्ता जमिनीवर आपटला. ती गर्रकन वळली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच हो म्हटलं.

जुनी इमारत, लाकडी फळ्यांची जमीन. धक्का तिच्या तळपायांना बसला होता. थेरपीच्या ताईंनी नंतर तिला जाड गादीवर उभं केलं आणि मागे स्टीलचं ताट वाजवलं. ती हललीसुद्धा नाही.

तीन हप्त्यांत ६८,००० रुपये गेले. पैसे यूपीआयने कुठल्यातरी बाईच्या खात्यावर घेतले, पावती म्हणून कच्ची चिठ्ठी. पण पैशांपेक्षा त्याने घातलेल्या दोन अटी आम्हाला महागात पडल्या. "ताई, मशीनने नस आळशी होते, ते काढून ठेवा. आणि हाताच्या खाणाखुणा एकदम बंद." थेरपीही सोडायला लावली. मी मशीन डबीत घालून कपाटात ठेवलं.

चार महिने आम्ही रोज संध्याकाळी चिऊला मागून हाका मारायचो आणि ती वळली की टाळ्या वाजवायचो. तिला एवढंच कळलं की आईबाबांना आपल्याला ऐकू यायला हवं आहे. मग ती सगळ्यालाच मान डोलवायला लागली. "भूक लागली?" हो. "कुठे दुखतंय?" हो. एकदा मी तोंड फिरवून काहीच न बोलता उभी राहिले आणि वळून पाहिलं, तर ती माझ्याकडे बघून हसत मान डोलवत होती. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. त्याच आठवड्यात तिचा कान वाहायला लागला. घाटकोपरला धावलो, तर खोल्या रिकाम्या, फोन बंद.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना कळकळीने सांगते. कानाच्या धड पडद्यापलीकडे तेल जातच नाही. चिऊसारख्या मुलांचा दोष आतल्या कानात असतो, आणि तिथल्या केसांसारख्या नाजूक पेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहिरेपण बरं करतो अशी औषधाची जाहिरात करणं हा १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे. त्यातल्या रोगांच्या यादीत बहिरेपण स्पष्ट लिहिलेलं आहे. ऐकू किती येतं ते तपासणारे ऑडिओलॉजिस्ट आणि थेरपिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नंबर मागा, मागताना संकोचू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही लाजेपोटी तीन आठवडे काढले, तक्रार उशिरा दिली, पैसे अजून मिळालेले नाहीत. आणि मशीन लपवा, खुणा बंद करा, असं जो सांगेल त्याच्या दारातून मुलाला उचलून परत या.

कान बरा झाल्यावर नवीन मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, करून घेतला, कारण जुना सैल होऊन मशीनची शिट्टी वाजायला लागली होती. श गेला होता, 'मावी' उरलं होतं. ताईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तोंडापुढे कागद धरून त्या आ, ऊ, ई, म, श, स म्हणतात. आवाज आला की चिंचोका डब्यात टाकायचा. पहिले काही दिवस चिऊ दरवेळी टाकायची, आवाज येवो न येवो, आणि माझ्याकडे बघायची. ताई म्हणाल्या, "तिचं खरं 'नाही' मिळाल्याशिवाय मला मशीन नीट लावता येणार नाही. तुम्ही टाळ्या वाजवू नका."

मी टाळ्या बंद केल्या. घरी खुणा पुन्हा सुरू केल्या. आता केस वर बांधते, मोल्ड तिने स्वतः निवडलेला, गुलाबी. सासूबाई आधी तिच्या खांद्याला हात लावतात, ती वळली की मग बोलतात.

गेल्या मंगळवारी 'श'ला चिंचोका डब्यात पडला. मग 'स' आला. चिऊ थोडा वेळ थांबली. मग चिंचोका टेबलावर ठेवला, रिकामा तळवा ताईंना दाखवला आणि मोठ्याने म्हणाली, "नाई."