कॉलन्या मोजणारीचा अभिप्राय: मेनफाइव्ह, मेंदूज्वराची पाच गटांची लस

भाची वसतिगृहात राहायला निघाली आहे आणि तिच्या कागदपत्रांच्या यादीत मेंदूज्वराची लस आहे. "मावशी, यातली चांगली कुठली? तू जन्मभर हेच करत होतीस ना?" हेच करत होते, पण लस बनवत नव्हते आणि टोचतही नव्हते. लस घेतलेल्यांच्या रक्तातलं सीरम आमच्या प्रयोगशाळेत यायचं आणि ते मेनिंगोकोकस या जिवाणूला मारतं की नाही, हे बघणं माझं काम. तिला उत्तर द्यायला बसले आणि अर्धा तास मेनफाइव्हबद्दलच बोलत राहिले. ती लस तिच्या यादीत नाहीच! मग म्हटलं, लिहूनच काढावं.

तारे आधीच देऊन टाकते: पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते ओघात येईल.

मेनफाइव्ह ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पाथ या संस्थेबरोबर बनवलेली लस. ए, सी, वाय, डब्ल्यू आणि एक्स अशा पाच गटांच्या मेनिंगोकोकसवर एकच टोचणं. जुलै २०२३मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता (म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी ती विकत घ्यायला हरकत नाही असा शिक्का) मिळाली आणि मार्च २०२४मध्ये नायजेरियाने ती सगळ्यांच्या आधी वापरायला घेतली. एक्स गटावर याआधी बाजारात लसच नव्हती.

आता निकाल कसा लागतो ते. नळीवर फक्त नंबर असतो. माणूस कोण, लस कुठली, रक्त टोचण्याआधीचं की नंतरचं, यातलं काहीही आम्हाला कळू द्यायचं नाही असा नियम. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास गरम करायचं, म्हणजे त्यातलं स्वतःचं कॉम्प्लिमेंट निकामी होतं. (प्रतिपिंडं जिवाणूला नुसती चिकटतात, त्याला भोक पाडून मारणारी रक्तातली प्रथिनं म्हणजे कॉम्प्लिमेंट.) मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये सीरम दुप्पट दुप्पट पातळ करत न्यायचं, प्रत्येक खळग्यात जिवंत जिवाणू आणि बाहेरून आणलेलं कॉम्प्लिमेंट घालायचं, ३७ अंशांवर तासभर ठेवायचं. नंतर दहा मायक्रोलिटरचा थेंब अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, सोडून प्लेट तिरकी धरायची, तो बारीक रेघ ओढत खाली उतरतो. रात्रभर इन्क्युबेटर. सकाळी त्या रेघेवरच्या कॉलन्या, म्हणजे वाचलेल्या जिवाणूंपासून वाढलेले ठिपके, मोजायच्या. जितकं पातळ करूनही निम्मे किंवा त्याहून जास्त जिवाणू मेले, तो त्या सीरमचा टायटर. बस, एवढंच. कोट्यवधी माणसांना टोचायच्या लशीचं भवितव्य टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांवर ठरतं, आणि ते ठिपके मोजणारीला चहाची तलफ आलेली असते.

कॉम्प्लिमेंट मिळवणं ही खरी डोकेदुखी. माणसाचं हवं असेल तर दात्याच्या रक्तात त्या जिवाणूविरुद्ध आधीपासून प्रतिपिंडं असता कामा नयेत. आम्ही रोज जिवंत मेनिंगोकोकस हाताळणारे, म्हणून सगळ्यांनी लस घेतलेली. म्हणजे घरचीच माणसं बाद. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी सशाच्या पिल्लांचं कॉम्प्लिमेंट वापरतात. ते सोयीचं, पण सढळ हाताच्या परीक्षकासारखं, गुण जास्त पडतात. म्हणून माणसाच्या कॉम्प्लिमेंटने १:४ला पास धरतात, सशाच्याने १:८ला. एकदा मी एका अख्ख्या प्लेटमध्ये कॉम्प्लिमेंट घालायलाच विसरले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक रेघेवर कॉलन्या गच्च, जगातली एकही लस चालत नाही असं वाटावं. आमच्या मॅडम काही बोलल्या नाहीत. ती प्लेट माझ्या टेबलावर ठेवून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती.

हा १:४ आला कुठून? १९६९मध्ये अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत गोल्डश्नायडर, गॉटश्लिख आणि आर्टेनस्टीन या तिघांनी एक साधी गोष्ट केली. फोर्ट डिक्सच्या तळावर नवीन भरती झालेल्या सैनिकांचं रक्त आल्याआल्याच घेऊन साठवून ठेवलं. पुढे त्यांच्यातले काही आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जुन्या नळ्या काढून पाहिल्या. आजारी पडलेल्या ५४ जणांपैकी फक्त तिघांच्या रक्तात १:४ किंवा त्याहून जास्त टायटर होता. जे आजारी पडले नाहीत, त्यांच्यातल्या ५४० जणांपैकी ४४४ जणांच्या रक्तात तो होता. माझी सगळी नोकरी या आकड्यांवर उभी होती. हा रोग भयानक असला तरी एरवी इतक्या कमी जणांना गाठतो, की लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात किती आजारी पडतात हे मोजायचं तर लाखो माणसं घेऊन वर्षानुवर्षं थांबावं लागेल. ब्रिटनने नोव्हेंबर १९९९मध्ये सी गटाची कॉन्जुगेट लस (कॉन्जुगेट म्हणजे काय ते पुढे येतंच) देशभर सुरू केली, तीही अशी चाचणी न करता, रक्ताच्या निकालावर विसंबून. पुढे रोग खरंच उतरला.

त्याच वॉल्टर रीडच्या मंडळींनी जिवाणूवरचं साखरेचं आवरण शुद्ध करून पहिल्या चालणाऱ्या लशी बनवल्या. त्यांनाही अभिप्राय द्यायचा तर दोन तारे. सैनिकांसाठी उत्तम, पण दोन वर्षांखालच्या मुलांत जवळजवळ निरुपयोगी, आणि रोगाचा पहिला घाला त्यांच्यावरच. नुसत्या साखरेची आठवण शरीर ठेवत नाही. काही वर्षांत प्रतिपिंडं उतरतात, आणि घशातला जिवाणू आपला मजेत राहतो.

हा घसा लक्षात ठेवा, माझा अर्धा तारा तिथेच अडकलाय. मेनिंगोकोकस बहुतेक वेळा कुणाला आजारी पाडत नाही. तो नाकाघशाच्या मागच्या बाजूला राहतो, खोकल्यातून, जवळिकीतून दुसऱ्याकडे जातो आणि क्वचित कधीतरी रक्तात उतरतो. मग मात्र तासांचा हिशेब. पाठीतलं पाणी गढूळ येतं, आणि वाचलेल्यांतही कुणाचे कान जातात, कुणाची बोटं. म्हणजे लशीने नुसतं रक्त राखून भागत नाही, घसा रिकामा केला तर न टोचलेलाही वाचतो.

ते काम साखरेला प्रथिनाची जोड दिलेली कॉन्जुगेट लस करते. प्रथिनामुळे प्रतिकारशक्तीच्या टी पेशी जाग्या होतात, आठवण राहते, तान्ह्या मुलांतही चालते. मेनफाइव्हची थोरली बहीण मेनॲफ्रिव्हॅक अशीच, फक्त ए गटाची. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या वाऱ्यांच्या दिवसांत साथ यायची आणि पाऊस पडला की थांबायची. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण आणि २५ हजारांवर मृत्यू झाले. तिथल्या देशांनी सांगितलं की अर्ध्या डॉलरपेक्षा महाग लस आम्हाला परवडणार नाही. मोठ्या कंपन्यांकडून त्या किमतीला काही होईना, तेव्हा काम पुण्याला आलं. साखर नेदरलँड्समधून, जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या औषध नियामकाच्या प्रयोगशाळेतून, साखरेला जोडायचं प्रथिन, टिटॅनस टॉक्सॉइड, घरचं. डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली, १ ते २९ वर्षांच्या सगळ्यांसाठी.

आता चाडचे आकडे ऐका, हे मला तोंडपाठ आहेत. मोहिमेआधी ४,२७८ जणांच्या घशातले स्वाब घेतले, ३२ जणांत ए गट सापडला. मोहिमेनंतर काही महिन्यांनी ५,००१ घसे तपासले. सापडला एकात. टोचलेल्या भागात २०१२च्या साथीच्या दिवसांत मेंदूज्वराचं प्रमाण न टोचलेल्या भागाच्या तुलनेत ९४ टक्क्यांनी कमी होतं. शिवाय ही लस शेवटच्या टप्प्यात ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस बर्फाविना नेता येते, म्हणजे पाठीवरची शीतपेटी हलकी. मेनॲफ्रिव्हॅकला माझे पाच तारे, त्यात वाद नाही.

पण ए गेला म्हणून बाकीचे स्वस्थ बसले नाहीत. नायजर आणि नायजेरियात सी गटाच्या साथी आल्या, डब्ल्यू आणि एक्स तर आधीपासूनच अधूनमधून डोकं वर काढत होते. म्हणून मेनफाइव्ह. ए आणि एक्स टिटॅनस टॉक्सॉइडला जोडलेले, उरलेले तीन सीआरएम नावाच्या निरुपद्रवी केलेल्या घटसर्प-विषाला. चाचण्यांतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मालीतली आहे. तिथे वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलांत ही लस ॲल्युमिनियम क्षार (प्रतिसाद वाढावा म्हणून लशीत घालतात तो) घालून आणि न घालता, अशी दोन्ही प्रकारे देऊन पाहिली. क्षाराने काही विशेष साधत नाही असं दिसल्यावर तो काढूनच टाकला. घातलेली वस्तू काढून टाकायचं धाडस फार थोड्यांत असतं.

मग माली आणि गांबियात २ ते २९ वर्षांच्या १,८०० जणांत, आधीपासून वापरात असलेल्या चार गटांच्या लशीशी तुलना झाली. अट अशी की नवी लस तिच्यापेक्षा ठरवलेल्या मर्यादेपलीकडे कमी पडता कामा नये. आता जुन्या लशीत एक्स नाहीच, तर एक्सची तुलना कुणाशी करायची? त्यांनी जुन्या लशीच्या चार गटांपैकी सर्वांत दुबळा प्रतिसाद घेतला आणि एक्सला त्याच्यासमोर उभं केलं. पाचही गट पास झाले. दुबळ्याशी कुस्ती लावली असं कुणी म्हणेल, पण दुसरा पैलवान आखाड्यात नव्हता. हे निकाल मी निवृत्तीनंतर छापील वाचले, आणि सवयीने आधी कॉम्प्लिमेंट कुणाचं ते पाहिलं. सशाचं! हसू आलं. तेवढ्यासाठी गुण कापत नाही. दोन्ही लशींना परीक्षक एकच होता.

अर्धा तारा कापलाय तो घशासाठी. १,८०० जणांची चाचणी रक्ताचा निकाल देते. घशाचा निकाल देशच्या देश टोचून, मग हजारो स्वाब घेऊन लागतो, चाडसारखा. पाचही गटांचे तसे आकडे समोर आले की मी स्वतः येऊन अर्धा तारा परत जोडेन. एक किरकोळ तक्रारही आहे. पूड विरघळवून द्यायची लस, आणि विरघळवली की सहा तासांत संपवायची. गर्दीच्या मोहिमेत ठीक, पण एकच मूल समोर असताना पाच डोसांची कुपी फोडताना हात थबकतो.

भाचीच्या यादीत चार गटांची कॉन्जुगेट आणि बी गटाची वेगळी लस आहे. बीची साखर आपल्याच चेतापेशींवरच्या साखरेसारखी असते, म्हणून ती लशीत घालता येत नाही. शेवटी जिवाणूचा सगळा जनुकसंच वाचून त्यातून प्रथिनं निवडावी लागली आणि २०१३मध्ये युरोपात त्या लशीला परवाना मिळाला. ब्रिटनमध्ये लस मिळण्याच्या वयाच्या मुलांत बीचा आजार तीन वर्षांत ७५ टक्क्यांनी घटला. पण दक्षिण ऑस्ट्रेलियात सुमारे ३५ हजार विद्यार्थ्यांत पाहिलं, तर घशात काहीच फरक नाही. ज्याने घेतली तो वाचतो, शेजाऱ्याचं शेजारी बघेल. साडेतीन तारे, आणि तरीही घे म्हटलं, कारण शेजाऱ्याने घेतली म्हणून तू वाचशील असं यात नाही.

दोन्ही एकाच दिवशी घेतल्या, एकेका दंडावर. रात्री तिचा मेसेज आला, "मावशी, हात वर होत नाहीये."

मी विचारलं, "कुठला?"

"बीवाला."

मी म्हटलं, अपेक्षित आहे, झोप.